घरच्या फोटोंसाठी कुठला प्रिंटर घ्यावा? (सांगलीतली हवा, २०१९ चा पूर आणि आईचा हट्ट धरून सांगा)

गावभागातला | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमचं घर गावभागात, तळमजला. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी हे सांगलीत शेंबड्या पोरालापण ठाऊक असतं, २०१९ च्या ऑगस्टला पाणी ५७ च्या पुढं गेलं. आम्ही गॅस, कागदपत्रं, आजीची औषधं हे सगळं वर शेजाऱ्यांकडं टाकलं आणि अल्बमची पेटी माळ्यावर आहे म्हणून निर्धास्त राहिलो. माळा पण गेला. आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम, माझं बारसं, आजोबांचे दोन-चार काळेपांढरे, सगळं गाळात.

आता आईचा हट्ट असा की मोबाईलमधले फोटो "हातात धरता येतील असे" काढून दे. मावशीकडं आणि मामाकडं लग्नाचे काही जुने फोटो सापडलेत, ते आणून त्यांच्यापण कॉप्या करायच्यात. दर वेळी स्टुडिओत पेन ड्राईव्ह घेऊन जायचा कंटाळा येतो, म्हणून म्हटलं घरीच प्रिंटर घ्यावा. बजेट १५ पर्यंत, फारच चांगला असेल तर २० ला ताणेन. पोराच्या शाळेचे प्रोजेक्टपण त्यातच निघाले तर बायको काही बोलणार नाही.

कुणी घरी फोटो छापतंय का? खरंच लॅबसारखे येतात की नुसती जाहिरात?

पोवईनाका | रविवार, रात्री १०:०५

साताऱ्यातून लिहितोय. सरळ टाकीवाला (बाटलीनं शाई भरायचा) घ्या, कार्ट्रिजवाल्याच्या (शाईची डबी बदलायच्या) नादाला लागू नका. स्वस्त दिसतो म्हणून मी २०१७ ला घेतला होता, दोन कार्ट्रिज बदलल्यावर कळलं की प्रिंटरच्या किमतीएवढी शाईच झाली. आता एप्सनचा एल ३२५० आहे, स्कॅन, झेरॉक्स, वायफाय सगळं त्यातच. बाटली ओतली की वर्ष निघतं.

भडंग_सम्राट | रविवार, रात्री १०:११

हापिसातल्या लेझरवर काढा की, फुकटात. 😀

जुना_निगेटिव्ह | रविवार, रात्री ११:३२

@भडंग_सम्राट गंमतीतसुद्धा असं सांगू नका, कुणीतरी खरंच करतं. इंकजेटचा, म्हणजे शाईचे थेंब फवारणाऱ्या प्रिंटरचा, ग्लॉसी कागद लेझरमध्ये घातला की आतला गरम रोलर त्याच्यावरचा थर वितळवून स्वतःला चिकटवून घेतो. मग हापिसात कुणाचं तोंड बघणार?

गावभागातले दादा, मी सांगली-मिरजेत पंचवीसएक वर्षं फोटोच्या धंद्यात होतो, दुकान आता भाच्याकडं आहे, त्यामुळं विकायला माझ्याकडं काही नाही, मोकळेपणानं सांगतो. प्रिंटरचं नंतर बघू. पुरात भिजलेला अल्बम तुम्ही टाकून दिला की ठेवलाय? आणि भिजल्यावर त्याचं काय केलंत?

गावभागातला | सोमवार, सकाळी ७:५०

काका, ठेवलाय. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी पेटी उघडली. अल्बम फुगून पाव झालेला. आईनं तो गच्चीवर उन्हात वाळवला, आणि वाळल्यावर मी पानं सोडवायला गेलो तर चर्रर्र करत फोटोचा रंगच समोरच्या प्लॅस्टिकला चिकटून निघून आला. बाबांचा फेटा या पानावर आणि तोंड त्या पानावर. तिथंच थांबलो, राहिलेला तसाच ठोकळा कपाटात आहे.

पण एक गोष्ट तेव्हापासून डोक्यात आहे. पोराच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो २०१६ ला एका ओळखीच्याकडं घरगुती प्रिंटरवर काढले होते. ते तर नुसतं गुलाबी-निळं पाणी होऊन गेले, कागद पांढरा फटक. आणि १९९१ चे लग्नातले जे सुटे पाकिटात होते ते चिखलातूनसुद्धा धुऊन बरे निघाले! म्हणजे जुनं टिकलं आणि नवं गेलं, हे कसं काय?

जुना_निगेटिव्ह | सोमवार, दुपारी २:१५

आता मुद्द्यावर आलात, म्हणून जरा लांबण लावतो.

१९९१ चा फोटो म्हणजे लॅबमध्ये केमिकलमध्ये धुतलेला कागद. तो जन्माला येतो तोच पाण्यातून. त्यातला रंग जिलेटिनच्या थराच्या आत असतो, पाण्यानं जिलेटिन फुगतं, मऊ पडतं, पण रंग लगेच वाहून जात नाही. म्हणून भिजलेले असे फोटो ओले असतानाच सोडवायचे असतात, स्वच्छ गार पाण्यात हलकेच फिरवून, फोटोच्या तोंडाला बोट न लावता, आणि मग तोंड वर करून सावलीत पसरायचे. वाळू दिले की जिलेटिन म्हणजे अक्षरशः सरस, जे समोर असेल त्याला धरून बसतं. तेवढा वेळ किंवा माणसं नसतील तर प्लॅस्टिक पिशवीत घालून सरळ फ्रीजरला टाकायचे आणि सवडीनं सोडवायचे. हे २०१९ ला दुकानावर बोर्ड लावून सांगायला हवं होतं, पण तेव्हा माझ्याच दुकानात कमरेइतकं पाणी.

तुमचा ठोकळा फेकू नका. एखादा कमी महत्त्वाचा फोटो आधी गार पाण्यात भिजवून बघा, सुटला तर पुढं जा. आईंना समोर बसवून करू नका एवढंच.

आणि २०१६ चा फोटो म्हणजे इंकजेटची डाय शाई. डाय म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग, साडी रंगवतात तसा. फोटोपेपरवर त्याचा रंग झकास खुलतो, पण पाणी लागलं की परत पाणीच. दुसरी शाई पिगमेंट, त्यात रंगाचे बारीक कण असतात, ते कागदावर बसून राहतात, पाण्याला बरीच दाद देत नाहीत. घरगुती टाकीवाल्या प्रिंटरात रंग बहुतेक डायचेच असतात. कॅननच्या जी सिरीजमध्ये, म्हणजे जी ३०१० वगैरे, काळी पिगमेंट आणि बाकी रंग डाय असतात, पण ती पिगमेंट काळी साध्या कागदावरच्या अक्षरांसाठी, ग्लॉसी फोटोला तिचा फायदा नाही.

तर घरी काढलेला फोटो पुरात टिकेल या आशेवर प्रिंटर घेऊ नका. बाकी कारणांसाठी घ्या.

वाईची_लेक | सोमवार, दुपारी ३:०२

काका, किती छान सांगितलंत. आमच्याकडं कृष्णा अजून लहान आहे म्हणून आम्हाला पूर म्हणजे पेपरातली बातमी, पण हे सेव्ह करून ठेवतेय.

दादा, माझ्याकडं वेगळा प्रकार आहे, कॅननचा सेल्फी सीपी १५००. हा टाकीवाला नाही, इंकजेटपण नाही. रंगाची रिबन असते आणि तो कागद चार वेळा आतबाहेर करतो, आधी पिवळा, मग गुलाबी, मग निळा आणि शेवटी वर पारदर्शक थर. पोरं टाळ्या वाजवत बघत बसतात. पाऊण मिनिटात फोटो बाहेर, हातात घेतला की कोरडा, ओलं बोट लागलं तरी काही होत नाही. शाई वाळायचा प्रश्नच नाही, सहा महिने कपाटात ठेवून काढला तरी पहिला फोटो बरोबर येतो. मी तर वर्षातून तीनदाच काढते, दिवाळी, गौरी आणि पोरीचा वाढदिवस.

तोटे पण सांगते. मोठ्यात मोठा फोटो पोस्टकार्डाएवढाच, ४x६. कागद आणि रिबन जोडीनंच घ्यावी लागते, १०८ चा डबा म्हणजे १०८ फोटो, एक कमी नाही की जास्त नाही, आणि तो डबा सगळीकडं मिळत नाही, मी ऑनलाईनच मागवते. स्कॅनर नाही. शाळेचं प्रोजेक्ट तर विसराच. आणि हो, वापरलेली रिबन फेकताना कापून फेका, उजेडात धरली की तुमचे सगळे फोटो त्यात उलट्या रंगात दिसतात!

कराडी | सोमवार, रात्री ८:४४

मला उलटा अनुभव आहे तो लिहितो म्हणजे दुसरी बाजू पण येईल. हौसेनं सहा रंगांचा मोठा टाकीवाला घेतला, नाव लिहीत नाही कारण चूक निम्मी माझीच. पहिला महिना घरातल्या सगळ्या भिंती भरल्या, सासरे खूश, मेव्हण्याच्या साखरपुड्याचे फोटो त्याच रात्री काढून दिले, नुसता मान. मग मे महिना गेला, जून गेला, प्रिंटर झाकून ठेवलेला. गणपतीला चालू केला तर आरासीच्या फोटोत आडव्या रेघा, तोंडं हिरवी. नोझल चेक (शाईची भोकं चालू आहेत का बघायचं पान) काढला तर लाईट मजेंटा, म्हणजे फिकट गुलाबी, जवळजवळ गायब. हेड (शाई सोडणारा भाग) क्लीनिंग केलं, पुन्हा केलं, पुन्हा केलं, टाकीतली शाई डोळ्यादेखत खाली चालली आणि रेघा तिथंच. ती शाई जाते कुठं तर आत एक पॅड असतं ते पिऊन घेतं, आणि पॅड भरलं की प्रिंटर संप करतो. गावातल्या रिपेअरवाल्यानं हेड काढून धुतलं, त्याचे वेगळे पैसे आणि वर म्हणाला, "आठवड्यातनं एक पान तरी काढत जावा साहेब, गाडी जशी चालू करून ठेवता तसं."

दुसरी चूक म्हणजे मी भिंतीवरचं बटण बंद करायचो. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं असतं, मग तो हेड नेऊन टोपीखाली ठेवतो, नाहीतर हेड उघडंच राहतं आणि वाळतं. आमच्याकडं लाईट जायची ती जायचीच, वर मी पण हा उद्योग करायचो.

पोवईनाका | सोमवार, रात्री ९:१०

कराडीकर बरोबर बोलले. माझा जाम झाला नाही कारण पोरीच्या शाळेच्या झेरॉक्सा रोज असतात.

पण एक कबूल करतो, फोटो म्हणाल तर माझा एल ३२५० "बरा" आहे, "वा" नाही. चारच रंग. लग्नातले भडक फोटो छान येतात, पण बाळाचे गाल, सकाळचं आभाळ असलं फिकट काही असलं की जवळून बघितल्यावर बारीक ठिपके दिसतात.

जुना_निगेटिव्ह | सोमवार, रात्री १०:२०

ठिपके दिसतात कारण फिकट गुलाबी दाखवायला त्याच्याकडं गडद गुलाबीच असतो, तो मग लांब लांब ठिपके टाकतो. सहा रंगांच्या प्रिंटरात फिकट निळा आणि फिकट गुलाबी वेगळे भरलेले असतात म्हणून कातडीचा रंग सलग येतो. एप्सनचा एल ८०५० घ्या, जुना एल ८०५ घ्या, स्टुडिओवाले पासपोर्ट फोटोला हेच वापरतात.

पण दादा, इथंच तुमची गोम आहे. एल ८०५० ला स्कॅनर नाही. तुम्हाला मावशीकडचे फोटो स्कॅन करायचेत ना? मग एक तर चार रंगांचा स्कॅनरवाला, नाहीतर सहा रंगांचा आणि वर स्कॅनर वेगळा. दुसरं तुमच्या २० मध्ये बसायचं नाही.

भडंग_सम्राट | सोमवार, रात्री १०:२६

स्कॅन कशाला, मोबाईलनं फोटोचा फोटो काढायचा. झालं.

जुना_निगेटिव्ह | सोमवार, रात्री १०:४१

काढा की, पण ट्यूबलाईट फोटोवर चमकते, आणि कडा वाकड्या येतात. अगदीच अडलं तर गुगलचं फोटोस्कॅन वापरा, ते चार-पाच बाजूंनी घेऊन चमक घालवतं. पण आईच्या लग्नाचा फोटो एकदाच नीट करायचाय तर काचेवर ठेवून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. हिशोब सोपा आहे. जुना काळापांढरा फोटो २ बाय ३ इंचाचा असेल तर ६०० ला तो १२०० बाय १८०० ठिपक्यांचा होतो, आणि ३०० नं छापला की बरोबर ४x६, म्हणजे दुप्पट, आणि तोही तितकाच स्वच्छ.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो असेल तर ओढू नका हो. काचेसकट स्कॅनरवर ठेवा.

वाईची_लेक | मंगळवार, सकाळी ११:१५

अजून एक, फॅमिली ग्रुपवरचे फोटो छापायला घेऊ नका. मी आत्याच्या पंचाहत्तरीचा व्हॉट्सॅपवरचा फोटो ए४ काढला, सगळ्यांची तोंडं मेणाची. ज्यानं काढलाय त्याच्याकडून "डॉक्युमेंट" म्हणून मागवायचा, तसा मूळ फाईलच येते. लहान ४x६ ला चालून जातं म्हणा, मोठ्याला नाही.

गावभागातला | मंगळवार, रात्री ९:३०

डोकं गरगरायला लागलंय, पण चांगल्या अर्थानं. 🙏

एकच विचारायचंय. काका, तुम्ही असता तर काय केलं असतं? खरं सांगा.

जुना_निगेटिव्ह | मंगळवार, रात्री ११:०५

मी असतो तर आधी फोटोंच्या दोन राशी केल्या असत्या.

एक रास म्हणजे जे पोराच्या पोरानं बघावेत असे. लग्न, बारसं, आजोबा. फार तर शंभर-दीडशे असतील. ते लॅबला द्या. आणि देताना विचारा की केमिकलच्या कागदावर निघणार की इंकजेटवर, कारण आता पुष्कळ लॅबमध्येपण मोठी इंकजेट मशीनं आलीत, आणि तिथल्या तिथं मिळणारे फोटो बरेचदा रिबनवाले असतात. विचारलं तर सांगतात, कुणी विचारतच नाही. मोबाईलचे फोटो ४x६ ला दिले तर कडेची नववा हिस्सा पट्टी कापली जाते आणि नेमकं काकूंचं डोकं जातं. ६x८ मागा, मोबाईलच्या मापाला तंतोतंत बसतं.

दुसरी रास म्हणजे फ्रीजवर लावायचे, पोराच्या वहीत डकवायचे, शेजारणीला द्यायचे. ते घरी. त्याला चार रंगांचा स्कॅनरवाला भरपूर झाला, आणि शाळेची कामं असल्यानं तो रोज चालेल, म्हणजे कराडीकरांसारखा जाम होणार नाही. तुमच्या घराला तोच बसतो.

शाई कंपनीचीच भरा. माझ्या एका गिऱ्हाइकानं बाजारातली लिटरची सुटी बाटली भरली, सहा महिन्यांत बाईंची कुंकवाची टिकली फोटोत चॉकलेटी झाली. आणि कागद १८० जीएसएमच्या (कागदाच्या जाडीचं वजनी माप) खालचा फोटोला नको, गोळा होतो. २१० ते २७० मध्ये बघा. छापताना सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार "ग्लॉसी" निवडायचा, हे निम्मे लोक विसरतात, साधा कागद समजून प्रिंटर शाई ओततो आणि मग म्हणतात प्रिंटर बेकार. पावसाळ्यात उघडं पाकीट ठेवू नका, झिपच्या पिशवीत. आणि काढलेला फोटो एक दिवस तसाच उघडा ठेवा, लगेच अल्बममध्ये कोंबू नका.

सगळ्यात आधी, स्कॅन केलेल्या फायली पुण्याच्या बहिणीकडं, मुंबईच्या मामाकडं, कुठंही दोन ठिकाणी पाठवून ठेवा. माळा किती उंच आहे यावर विसंबू नका.

कराडी | बुधवार, सकाळी ८:२०

काका, "टिकली चॉकलेटी" वर चहा सांडला. 😂

गावभागातला | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:१०

मंडळी, अपडेट देतो. एल ३२५० घेतला, बजेटात बसला. लॅबला एकशेदहा फोटो दिलेत, ते सोमवारी मिळतील.

पहिला प्रिंट आजोबांचा काढला, मामाकडचा, धोतर-कोट घालून गणपती मंदिराच्या आवारातला. काळापांढरा होता तो हिरवट आला! पोवईनाक्यांनी फोनवर सांगितलं की चार रंग मिसळून तो करडा बनवतो म्हणून झाक येते, सेटिंगमध्ये "ग्रेस्केल" करून बघा. केलं, हिरवट गेला, जरा कमी गडद आला पण आजोबा दिसले.

ठोकळापण सोडवला. आई नात्यातल्या बारशाला गेली होती तेव्हा घमेल्यात गार पाणी घेऊन बसलो, अडीच तास. चोवीसपैकी अकरा सुटले. मुंडावळ्यांचा एक जवळजवळ आख्खा आहे, फक्त खालच्या कोपऱ्यात गाळाचा डाग. ते अकराच्या अकरा स्कॅन केले, बहिणीला पाठवले.

आता नवीन भानगड. आईला प्रत्येक फोटोच्या मागं नावं लिहायचीत, कोण कुणाची आत्या वगैरे. फोटोपेपरची पाठ गुळगुळीत, पेन्सिल उमटत नाही. बॉलपेननं लिहिलं तर शाई वाळली नाही आणि खालच्या फोटोवर, म्हणजे थोरल्या काकांच्या कपाळावर, "सौ. सुलूमावशी" उलटं उमटलं. कशानं लिहायचं?

वाईची_लेक | शनिवार, दुपारी ४:३५

सीडीवर लिहायचा बारीक मार्कर घ्या, स्टेशनरीत मिळतो. कडेलाच लिहा, चेहऱ्याच्या मागं नको. आणि दहा मिनिटं सुटे ठेवा.

भडंग_सम्राट | शनिवार, दुपारी ४:४०

काकांच्या कपाळावर सुलूमावशी 😂😂 तो फोटो टाकू नका, काकूंना दाखवा.

गावभागातला | शनिवार, संध्याकाळी ६:०२

दाखवला. काकू म्हणाल्या ठेव तसाच, मला पण एक कॉपी काढ.